वाजवणे : चार सेकंद

तिला कामावरून काढायचं ठरलं तेव्हा कंपनीने कागदावर कारण लिहिलं, 'तपासणीच्या कामात गंभीर हलगर्जीपणा.' तो कागद मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने अकरा वर्षांत एक सैल शिडी गेटाबाहेर जाऊ दिली नाही, तिच्या नावापुढे हलगर्जीपणा! आणि लिहिणारे कोण, तर ज्यांनी स्वतःच्या सहीने तिचं तपासणं बंद पाडलं, तेच महाभाग.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल, ही बाई नुसतीच भांडकुदळ. भांडकुदळ मी आहेच, त्याचं सर्टिफिकेट मला कोणाकडून नको. गोष्ट मात्र माझी नाही, डॉक्टरणीची आहे. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

डॉक्टरीण हे तिला कारखान्याने दिलेलं नाव. कारखाना घडीच्या शिड्यांचा. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन दांड्या, मधे पाच पायऱ्या, मागे टेकू. घरात पंखा पुसायला, दुकानात वरच्या फळीवरचा माल काढायला, रंगाऱ्याला भिंतीपाशी उभं राहायला. प्रत्येक पायरी दोन्ही बाजूंनी रिव्हेटने दांडीला जखडलेली, म्हणजे एका शिडीला दहा रिव्हेट. रिव्हेट म्हणजे दोन पत्र्यांना आरपार धरून ठेवणारा, डोकं चेपलेला खिळा. तो नीट बसला असेल तर पायरी माणूस पेलते. नसेल बसला तरी पेलते, काही दिवस. मग एके दिवशी पेलत नाही.

हे बाहेरून बघून कळत नाही. डोकं चेपलेलं दिसतं, चकचकीत दिसतं. आत पकड आहे की नाही ते एक त्या रिव्हेटला ठाऊक आणि एक डॉक्टरणीला.

सुरुवातीला ती शेवटच्या टेबलावर नुसती पॅकिंगला होती. शिडी मिटायची, पट्टी चिकटवायची, पुढे ढकलायची. एकदा हातातली कात्री निसटून पायरीवर आपटली आणि तिला काहीतरी खटकलं. बाकीच्या शिड्या टण करतात, ही टप का म्हणाली? तिने फोरमनला हाक मारली. फोरमन म्हणाला, "बाई, शिडी आहे ती, तंबोरा नाही." तिने त्या पायरीवर पाय ठेवला आणि अंगाचा भार दिला. पायरी एका बाजूने सुटून लोंबायला लागली. फोरमनचं तोंडही तसंच लोंबलं.

त्या दिवसापासून ती प्रत्येक शिडी वाजवायला लागली. फिटरने तिला बोटभर पितळेची एक हातोडी करून दिली. शिडी उघडायची, डोकं जरासं उजवीकडे कलतं करायचं आणि एका दांडीवरून खाली, दुसरीवरून वर असे दहा ठोके. चार सेकंद. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बायकांशी गप्पाही चालू असायच्या, आणि गप्पांच्या मधेच ती म्हणायची, "तिसरी, डावी." शिडी बाजूला. तिसरी पायरी, डावा रिव्हेट. काढून बघितला की आत पकड नाही. छाती ठोकून रोग सांगते म्हणून पोरींनी तिला डॉक्टरीण म्हणायला सुरुवात केली. पगार अर्थात पॅकिंगचाच राहिला. हुद्दाही पॅकिंगचाच. कामाच्या तक्त्यावर सुपरवायझरने एका शब्दात तिची विद्या नोंदवली, 'वाजवणे', आणि पुढे लिहिलं, 'चार सेकंद'. हा शब्द लक्षात ठेवा. सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

कामगार संघटनेची कार्यकर्ती म्हणून तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं नवराबायकोत अबोला आहे. दोघं नुसते हातवारे करत होते. नवऱ्याने तीस वर्षं पत्र्याच्या प्रेसवर काढली, प्रेसने त्याचे दोन्ही कान खाल्ले. कंपनी दुसरी, रीत तीच. माणूस मात्र मिस्कील. मला म्हणाला, "हिचे चार कान आणि माझे शून्य. सरासरी दोन-दोन पडतात. संसार बरोबर चाललाय." बहिऱ्या माणसाच्या सवयीने हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की जिन्यावरून शेजारीण डोकावली. डॉक्टरणीने त्याच्याकडे डोळे वटारून तर्जनी ओठांवर ठेवली. तो म्हणाला, "बघा, नोकरी तिची जातेय आणि गप्प मी बसायचं."

तर आता ती नोकरी जायची वेळ कशी आली ते.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यात दोन विद्या आल्या. एकीचं नाव व्हॅल्यू इंजिनिअरिंग, दुसरीचं लीन. आमच्या संघटनेतल्या लोकांना हे शब्द ऐकले की घाम फुटतो, कारण ते आले की पाठोपाठ माणसं कमी होतात. मी तशी भोळसट नाही. शत्रूची पुस्तकं मी आधी वाचते. माझी शाळा सातवीला संपली, पुढचं सगळं गेटवर उभ्या उभ्या झालं, त्यामुळे वाचायला वेळ लागला. पण वाचलं. आणि खरं सांगते, मला त्यात वाईट काही सापडलं नाही. व्हॅल्यूवाले विचारतात, ही वस्तू करते काय? तिचं नाव नको, काम सांगा. रिव्हेटचं काम पायरी धरून ठेवणं. मग तेच काम कमी धातूत, कमी मेहनतीत होईल का? लीनवाले विचारतात, इथे हात जे जे करतात त्यातलं गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं किती आणि फुकटचं किती? फुकटचं काढून टाका. अहो, दोन्ही प्रश्न शहाण्या माणसाचे आहेत. स्वयंपाकघरात उभी असलेली कुठलीही बाई रोज हेच करते.

फक्त एक गोम आहे. पहिली विद्या वस्तूकडे बघते, दुसरी हातांकडे. वस्तू बदलली की हातांचं काम बदलतं, हातांचं काम काढलं की वस्तूवरचा भार वाढतो. म्हणून ह्या दोघींना एका टेबलावर बसवायचं असतं, आणि ते टेबल जिथे काम चालतं तिथलं असावं लागतं. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, त्यांच्याच पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत आहे. साहेब लोक बहुधा एकावन्नाव्या पानापासून सुरू करतात.

आमच्या कारखान्यात काय केलं? व्हॅल्यूवाल्यांना वरच्या मजल्यावर खोली दिली, लीनवाल्यांना खाली काचेची. दोघांना वेगवेगळे फळे दिले, ह्या महिन्यात कोणी किती बचत केली ते लिहायला. झाली स्पर्धा सुरू. मधे एकच जिना, बावीस पायऱ्यांचा. वर्षभरात ना वरचे खाली उतरले, ना खालचे वर चढले. शिड्यांच्या कारखान्यात!

वरच्या खोलीत एक तरुण इंजिनिअर होती. तिला सगळे पर्यायबाई म्हणायचे, कारण कुठलाही सुटा भाग हातात घेतला की ती विचारायची, "याला पर्याय काय?" पोरगी हुशार, कामाची. तिने भरीव रिव्हेटच्या जागी पोकळ रिव्हेट सुचवला. हलका, पटकन बसणारा, नीट बसला तर तेवढाच मजबूत. अडचण एकच. पोकळ रिव्हेट न बसण्याचं प्रमाण भरीवपेक्षा जास्त, आणि तेही बाहेरून न दिसणारं.

खालच्या काचेच्या खोलीत होता घड्याळसाहेब. गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. बाहेरच्या सल्लागार कंपनीचा माणूस, हातात तक्ते, तोंडात कायम 'सेकंद'. लीनचा पहिला धडा असा की जिथे काम चालतं तिथे स्वतः जाऊन उभं राहा आणि डोळ्यांनी बघा. हा डॉक्टरणीच्या टेबलापाशी एकदाही उभा राहिला नाही. सुपरवायझरने भरलेला तक्ता मागवला, एसीत बसून वाचला. उचलणे, उघडणे, वाजवणे, मिटणे, चिकटवणे. 'वाजवणे'वर त्याने लाल रेघ मारली. चार सेकंद वाचले. टेबलावर एक हिरवा दिवा बसवला. शिडी टेबलापुढच्या सरकत्या रुळांवर ठेवली की तो आपोआप लागायचा.

दिवा कशाला, हे तेव्हा कोणालाच कळलं नाही. सुपरवायझर डॉक्टरणीपाशी आला आणि म्हणाला, "उद्यापासून वाजवणं बंद. वरून आलंय."

"मग सैल पायरी कळणार कशी?"

"वरच्यांनी विचार केला असेल ना काहीतरी."

"केलाय का?"

"डॉक्टरीण, मला दोन मुली आहेत. मला प्रश्न विचारू नकोस."

तिने दोन दिवस चोरून वाजवल्या. पण टेबलाकडे शिड्या आणणारा पट्टा आता चार सेकंदांनी घाईला आलेला, तिच्यापाशी शिड्यांचा ढीग साचायला लागला. तिसऱ्या दिवशी तिला मेमो मिळाला. 'सूचना देऊनही वाजवणे चालू ठेवल्याबद्दल.' तिने हातोडी कपाटात ठेवली. मला नंतर म्हणाली, "तिथे माझं चुकलं. मेमो खायला हवे होते आणखी." मी म्हणाले, "खुळी आहेस का? तीन मेमो म्हणजे घरी." तर म्हणते, "मग आत्ता काय मी राजवाड्यात आहे?"

सात आठवडे शिड्या न वाजवता बाहेर गेल्या. पोकळ रिव्हेटच्या. आठव्या आठवड्यात एक रंगारी दवाखान्याची भिंत रंगवताना चौथ्या पायरीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. पायरी डाव्या बाजूने सुटली होती. शिडीवर चिकटवलेल्या पट्टीवर टेबलाचा नंबर होता, तारीख होती आणि डॉक्टरणीची सही होती. कंपनीला तेवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी पुढचा माल गेटात थांबवून तिला निलंबित केलं आणि आठवड्यात आरोपपत्र. काम जाणार हे तर दिसतच होतं. तिला त्याहून जास्त काय लागलं, सांगते. आरोपपत्रात लिहिलं होतं, 'यामुळे एका व्यक्तीस कायमची इजा झाली.' ती त्या ओळीवर बोट ठेवून बसायची.

मी तिची प्रतिनिधी म्हणून चौकशीत उभी राहणार होते. मी तिला बजावलं होतं, रंगाऱ्याकडे जायचं नाही. गेलीस की ते म्हणतील, बघा, अपराधी मनाने भेटायला गेली. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. "चल. एकटी जायला पाय होत नाहीत."

काय करणार, गेले.

एका खोलीचं घर. रंगारी भिंतीला टेकून बसलेला, पायाखाली दोन उशा. त्याच्या बायकोने ऐकलं मात्र ही कोण, आणि तिने तिथल्या तिथे तासायला सुरुवात केली. "आता आलात? जी बघायची होती ती आधी बघायची ना! सही तेवढी झोकात करता." मी मधे पडणार होते. डॉक्टरणीने माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि सगळं उभ्याने ऐकून घेतलं. बाई दमली तेव्हा डॉक्टरणीने रंगाऱ्याला विचारलं, "दादा, पडायच्या आधी तिने काही आवाज केला होता का?"

"कोणी, शिडीने?" तो जरा चक्रावला. "करत होती. दोन दिवस. पाय ठेवला की टप व्हायचं. मी म्हटलं नवीन आहे, बसेल हळूहळू."

डॉक्टरणीने डोळे मिटले.

कोपऱ्यात एक कोरी शिडी उभी होती, प्लॅस्टिकसकट. कंपनीचा माणूस येऊन भेट देऊन गेला होता. खरंच सांगते. खुबा मोडलेल्या माणसाला शिडी! ही कल्पना कुठल्या खोलीतून निघाली, वरच्या की काचेच्या, हे मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरणीने तिचं प्लॅस्टिक फाडलं, केसातला आकडा काढून त्याने दहा ठोके दिले आणि म्हणाली, "चांगली आहे ही."

बायको म्हणाली, "मग काय हार घालू तिला?"

परतताना डॉक्टरीण बसथांब्यावर एकच बोलली. "ही चांगली निघाली. बाकीच्या?"

मी चौकशीच्या तयारीत होते, माझं लक्ष नव्हतं. हे मी कबूल करते.

चौकशी कारखान्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत झाली. लांब टेबल, एका टोकाला कंपनीने नेमलेले निवृत्त वकील, जाड चष्मा, सारखा घसरणारा. एका बाजूला मॅनेजर, घड्याळसाहेब, पर्यायबाई, सुपरवायझर. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी आणि पाण्याचा तांब्या.

मी मेमो टेबलावर ठेवला. "वाजवलं म्हणून मेमो आणि वाजवलं नाही म्हणून आरोपपत्र. एकाच बाईला. कंपनीने आधी आपसात ठरवावं, हिचा गुन्हा नक्की कोणता."

मला वाटलं, इथेच संपलं. पण मॅनेजर पक्का निघाला. शांतपणे म्हणाला, "गैरसमज होतोय. तो मेमो घंटेबद्दल आहे."

"कसली घंटा?"

"त्यांच्या टेबलावर ट्रॉलीवाल्याला बोलवायची घंटा आहे. प्रत्येक शिडीनंतर ती वाजवण्यात चार सेकंद जात होते. ते बंद करून आम्ही हिरवा दिवा बसवला. तपासणी बंद करा असं कोणीही सांगितलेलं नाही." त्याने घड्याळसाहेबाकडे बघितलं.

घड्याळसाहेब म्हणाला, "मी 'वाजवणे' म्हणजे घंटाच समजलो. दुसरं काय वाजवणार?"

दिवा कशासाठी होता ते त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं. आणि पहिल्यांदाच माझी बोबडी वळली. कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता! त्याने खरंच तसं वाचलं होतं. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्हींच्या मधे एका माणसाचा खुबा. मॅनेजर खोटं बोलत होता की नाही, ते पुढे कळेल. वकिलांनी फोटो मागितला. फोटोत घंटा होती. टेबलाच्या कोपऱ्यात, स्क्रूने बसवलेली, बशीएवढी.

"साहेब, बोलू का?" डॉक्टरीण म्हणाली.

"बोला."

"घंटा आहे खरी. तिला जीभ नाही."

"म्हणजे?"

"आतला लोळा. मी लागले तेव्हापासून नाही. वाजवायची म्हटली तरी ती वाजणार कशी?"

वकिलांनी शिपायाला पाठवलं. शिपाई स्क्रू काढून घंटा घेऊन आला, त्याने तिला उलटी करून आत बघितलं आणि सवयीने हलवलीसुद्धा. काही नाही. सुपरवायझरला हसू आवरेना, त्याने खोकल्याचं सोंग केलं. वकिलांनी चष्मा वर सरकवून घड्याळसाहेबाला विचारलं, "आपण किती दिवस या टेबलाचा अभ्यास केलात?"

"तक्त्यावरून केला, सर."

"टेबल पाहिलंत?"

"तक्ता सविस्तर होता."

मी तोंडात आलेलं पाण्याबरोबर गिळलं. ते इथे छापताही येणार नाही.

मग कंपनीची साक्षीदार म्हणून पर्यायबाई उठली. तिने सांगायचं होतं की पोकळ रिव्हेटमध्ये दोष नाही, म्हणजे दोष उरतो तपासणाऱ्या बाईचा. तिने तिची टिप्पणी वाचायला घेतली. रिव्हेटचं काम, पर्याय, ताकद, सगळं नीटनेटकं. दुसऱ्या पानावर ती अडखळली. थांबली. मॅनेजर म्हणाला, "पुढचं तपशिलाचं आहे, राहू द्या."

ती म्हणाली, "नाही सर, वाचते." तिने वाचलं. "'पोकळ रिव्हेट आतून न बसल्याचे डोळ्यांना दिसत नाही. तथापि शेवटच्या टेबलावर प्रत्येक रिव्हेट वाजवून तपासला जातो, त्यास चार सेकंद लागतात. सबब हा पर्याय सुरक्षित आहे.'"



मी उठले. वरच्या खोलीचा कागद आणि काचेच्या खोलीचा कागद शेजारी शेजारी ठेवले. एकात तेच चार सेकंद शिडीचा जीव म्हणून धरलेले, दुसऱ्यात तेच चार सेकंद कचरा म्हणून काढलेले. एकाच आठवड्यातल्या तारखा. आणि दोन्हींच्या खाली मंजुरीची सही एकाच माणसाची. मॅनेजरची.

"भरीव रिव्हेट ठेवून वाजवणं काढलं असतं, तरी एक वेळ निभावलं असतं," मी म्हणाले. "पोकळ रिव्हेट आणून वाजवणं ठेवलं असतं, तर काही बिघडलंच नसतं. तुम्ही दोन्हीकडून एकदम हात काढून घेतलात. आणि ह्या बाईला काय विचारलंत? काही नाही. सांगितलंत तेवढं. वाजवणे म्हणजे काय हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं साहेब, पर्यायबाईंच्या कागदावर सही करताना तुम्ही ते वाचलं होतंत. का वाचलं नव्हतंत? दोन्हीतलं काय ते सांगा, मी तसं लिहून घेते."

मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं. त्याला कुठेतरी जायचं होतं, असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी निकाल आला. आरोप सिद्ध होत नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आम्ही दोघी पत्र घ्यायला गेलो. पत्रात लिहिलं होतं, उभय बाजूंच्या गैरसमजातून प्रकार घडला, बाईंना पूर्वीच्या जागेवर रुजू करून घेण्यात येत आहे, हा विषय येथे संपला. खाली तिने सही करायची.

"उभय बाजूंच्या?" मी भडकलेच. "हिचा काय गैरसमज झाला होता?" बराच वेळ घासाघीस करून 'उभय' खोडून घेतलं. पेन तिच्या हातात दिलं.

तिने पत्र वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. मग पेन खाली ठेवलं.

"त्या मधल्या सात आठवड्यांच्या शिड्यांचं काय?"

मॅनेजर म्हणाला, "त्याचा याच्याशी संबंध नाही. तुम्ही निर्दोष आहात, बाई."

"मी आहे हो. त्या कुठे आहेत?"

मी तिला कोपऱ्यात ओढलं. "अगं, जिंकलोय आपण! सही कर आणि कामावर जा. शिड्यांचं नंतर बघू, मी आहे ना."

"तू जिंकलीस," ती म्हणाली. "आत्ता ह्या मिनिटाला कोणीतरी चौथ्या पायरीवर उभं असेल. टप वाजतंय आणि त्याला वाटतंय, बसेल हळूहळू. 'विषय संपला' ह्याच्याखाली मी सही केली तर तो माणूस पडल्यावर मात्र हलगर्जीपणा माझाच. तेव्हा आरोपपत्र बरोबर असेल."

मी इतकी वर्षं माणसांच्या बाजूने भांडतेय. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, आणि राग आला की ही गोष्ट मला आधी का सुचली नाही. राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. मी परत टेबलाशी गेले.

"शिड्या परत बोलवा. सगळ्या. नंबर आहेत, दुकानं माहिती आहेत."

"अशक्य आहे. घबराट पसरेल."

"बरं. मग आम्ही दुकानादुकानांत जाऊन वाजवू. गिऱ्हाइकांसमोर. डॉक्टरीण वाजवेल, मी ओरडून सांगेन कुठली पायरी. फुकट सेवा. वर्तमानपत्रवाल्यांना आवडेल."

ह्यावेळी त्याने घड्याळाकडे बघितलं नाही. डॉक्टरीण दोन आठवडे बिनपगारी घरी बसली. सही नाही, रुजू नाही. नवरा तिला म्हणाला, "एवढे कान असून तुला मॅनेजर काय म्हणतोय ते ऐकू येत नाही, कमाल आहे." पण रोज सकाळी चहा तोच करून द्यायला लागला. पंधराव्या दिवशी दुकानांना कंपनीचं पत्र गेलं, शिड्या परत घेत असल्याचं. मग तिने सही केली.

पर्यायबाई त्या आठवड्यात बावीस पायऱ्या उतरून खाली आली आणि डॉक्टरणीच्या टेबलाशी स्टूल टाकून बसली. घड्याळसाहेबालाही तिने ओढून आणलं. त्याचा कंत्राटाचा महिना उरला होता, आला बिचारा. एका सकाळीत तिघांनी काय केलं माहितीय? पोकळ रिव्हेट राहिला. वाजवणं राहिलं. पण डॉक्टरणीने दाखवलं की शिडी उगाच दोनदा उचलावी लागते, रूळ वीतभर वर असता तर एकदाही उचलावी लागणार नाही. रूळ वर घेतला. सहा सेकंद वाचले. तिच्या पाठीचं दुखणंही थांबलं. अकरा वर्षं हे तिला ठाऊक होतं. अकरा वर्षं कोणी विचारलं नव्हतं.

आता कँटीनच्या भिंतीवर एक मोठा फळा लागलाय, 'व्हॅल्यू आणि लीन : एकत्रित यश', सहा सेकंद ठळक अक्षरात, आणि खाली फोटो. मॅनेजरचा. मी तो बघितला तेव्हा डॉक्टरणीने माझा दंड धरला होता म्हणून फळा शाबूत राहिला.

परत आलेल्या शिड्या मागच्या अंगणात पडायच्या. ती रोज पट्ट्यावर जायच्या आधी त्या वाजवायची. दोन हजार शंभर बाहेर गेल्या होत्या. सोळाशे चाळीस आल्या, त्यांत अडतीस सैल. चारशे साठ अजून बाहेर आहेत. कंपनीच्या हिशेबाने मोहीम पूर्ण झाली आहे. डॉक्टरीण गेटवरच्या कारकुनाला रोज विचारते, "आज किती?" तो हल्ली मान वर न करता म्हणतो, "एकही नाही, बाई." आणि ती म्हणते, "ठीक आहे. उद्या विचारते."